गप्प आजोबांचा डोंगर

१

डोंगर हरवल्याची तक्रार घेऊन डॉ. लाम ठाण्यात गेल्या, तेव्हा सार्जंटने त्यांना आधी पाणी दिलं, मग खुर्ची दिली आणि मग विचारलं, "पाकीट, मोटरसायकल, म्हैस, झालंच तर बायको. एवढं हरवतं आमच्याकडे. डोंगर कशात धरू, बाई?"

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं तसा तो वरमला. "रागावू नका. असं करा, योंगकडे जा. हे काम तिचंच."

योंग म्हणजे माझी थोरली बहीण. मलेशियातल्या आमच्या पेराक राज्यात घरातल्या पहिल्या मुलीला योंगच म्हणतात, आणि आता सगळं गाव तिला त्याच नावाने हाक मारतं. जन्मभर तिने इपोहच्या कोर्टात दुभाष्याचं काम केलं. चोराचं वकिलाला सांगायचं, वकिलाचं न्यायाधीशाला, कधी मलायीतून, कधी कँटोनीजमधून, कधी तमिळमधून. तिचं म्हणणं असं, की माणूस अख्खं वाक्य खोटं बोलू शकतो, पण त्यातला एखादा शब्द खरा राहूनच जातो. मी तिचा भाऊ, आलांग. मी बस चालवायचो. आता योंगची जुनी मोटार चालवतो आणि कुरकुर करतो. दोन्हींचा पगार नाही.

डॉ. लाम आमच्या ओसरीवर बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. त्या क्वालालुंपूरला वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. सहा वर्षांपूर्वी इथे येऊन त्यांनी सुबांगचं फूल शोधलं होतं. शोधलं म्हणजे आपलं जगाला सांगितलं. आम्हाला ते ठाऊकच होतं. कानातल्या कुडीएवढं पांढरं फूल, घशाशी जांभळी रेघ, ओल्या चुनखडीच्या कड्याला चिकटून वाढतं. जगात दुसरीकडे कुठेही नाही.

"मला ते दोन डोंगरांवर मिळालं," बाई म्हणाल्या. "पहिल्या दिवशी लाबूवर. दुसऱ्या दिवशी तोक सेन्यापवर. मी तसंच छापलं, म्हणून ते 'दुर्मीळ' ठरलं. एकाच डोंगरावर असतं तर 'नष्टप्राय' ठरलं असतं, आणि लाबूवर चुनखडीच्या खाणीला परवानगी मिळालीच नसती. पण दोन आहेत ना, मग एक फोडला तर बिघडलं कुठे, असं कुणीतरी कचेरीत बसून म्हणालं."

"आणि आता?"

"आता लाबू अर्धा खाऊन झालाय. त्याच्या पुढच्या कड्यावर एक रोप उरलेलं नाही, मी दुर्बिणीने पाहिलं. म्हटलं, तोक सेन्यापवरची तरी मोजून घ्यावीत, त्याला तरी कुंपण घालून घ्यावं. चार दिवस फिरतेय. हा डोंगर कुणी ऐकलेलाच नाही!"

"नकाशा?"

"नकाशात इथल्या निम्म्या डोंगरांना नावच नाही."

"तुम्ही स्वतः गेला होतात की," मी म्हणालो. माझा सूर जरा तिरकाच होता. डोंगर म्हणजे काय छत्री आहे का बसमध्ये विसरायला?

"धुकं होतं. वाटाड्याने रबराच्या मळ्यातून नेलं, मग एका गुहेतून. बाहेर पडलो तर चहूकडे कडे आणि मधे वाडग्यासारखी जागा. आणि सगळ्या कड्यांवर सुबांग. इतकं मी कुठेच पाहिलं नव्हतं. मी विचारलं, हा कुठला डोंगर? तो म्हणाला, तोक सेन्याप. आता तो मळाही नाही. सगळीकडे ट्रकचे रस्ते झालेत."

तोक म्हणजे आजोबा, सेन्याप म्हणजे गप्प. गप्प आजोबा. नाव मजेशीर होतं. मी याच गावात म्हातारा झालो, पण मीही ते कधी ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात खाणीचा भोंगा वाजला. योंगने सवयीने दोन्ही कपांवर तळहात ठेवले. सुरुंगाचा धक्का आला, बशा खडखडल्या, आणि तिने हात उचलले.

"वाटाड्या कोण होता?" तिने विचारलं.

"जेलानी."

मी योंगकडे पाहिलं. जेलानी आता खाणीत कामाला होता.

२

गावातली खरी कचेरी म्हणजे माक बेदाहची कॉफीची टपरी. कथलाच्या खाणी बंद पडल्यापासून अर्धं गाव तिथेच बसून असतं. टपरीसमोर, ट्रकच्या धुळीपलीकडे, बुकित लाबूचा, म्हणजे लाबू डोंगराचा, उरलेला अर्धा भाग दिसतो.

योंगने कॉफी मागवली, केळीच्या पानातला भात मागवला, बेदाहच्या गुडघ्याची चौकशी केली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काय गं, तोक सेन्याप डोंगर कुठेशी आला?"

सोंगट्या खेळणाऱ्या दोघांनी हात आखडते घेतले. बेदाहच्या हातून साखरदुधाचा डबा कलंडला, आणि तो सरळ करायचा सोडून ती क्षणभर समोर बघत राहिली.

"इथं खाली असला डोंगर नाही, योंग," ती म्हणाली. "कॉफीत आणखी दूध घालू?"

"तुझ्या आजीने कधी नाव घेतलं होतं का?"

"आजी गेली. आणि तू जेवताना काय भलतंसलतं विचारतेस!"

मागून एक जण खाकरला. तोंडाने फटकळ म्हणून गावभर प्रसिद्ध असलेला. "जेलानीला विचारा की! सहा वर्षांमागं बाईंना डोंगर दाखवत होता, आज डोंगर फोडणाऱ्यांच्या छपरात बसून पगार घेतो. दुसरा डोंगर दाखवला तर उद्या तिथं खाण काढता यायची नाही ना! त्यांनीच तोंड शिवलं असेल त्याचं."

"आणि पेंगहुलूचं काय?" दुसरा म्हणाला. "मागल्या वाटेवर फाटक कशाला ठोकलंय त्याने? बाईंना तिथनं हाकलून दिलं परवा."

पेंगहुलू म्हणजे आमच्या पंचक्रोशीचा मुखिया, मेओर शहाबुद्दीन. म्हणजे आता दोन संशयित झाले. खाणीचा मालक धरला तर तीन. मोटारीत बसल्यावर मी बोटं मोजत होतो, तर योंग स्वतःशीच पुटपुटली, "इथं खाली."

"काय?"

"'इथं असला डोंगर नाही' म्हणाली असती तरी चाललं असतं. 'खाली' कशाला म्हणाली?"

"बोलायची पद्धत असते एकेकाची."

"आलांग, फुकटचा शब्द फक्त वकील वापरतात. बेदाह नाही."

३

खाणीचा मालक टौके फू, म्हणजे फू शेठ. चेहऱ्यावर चुन्याची भुकटी, पायात रबरी चपला. त्याने आम्हाला थंडगार शेवंतीचा चहा दिला आणि सगळं ऐकून घेतलं. मग तो खो खो हसला.

"मी चोरला म्हणता? अख्खा डोंगर? कुठल्या खिशात?"

"चोरला नसेल, लपवला असेल," डॉ. लाम म्हणाल्या.

त्याचं हसू मावळलं. "डॉक्टर, तुमच्याच त्या दुसऱ्या डोंगराच्या जिवावर मला ही परवानगी मिळाली. तो सापडला नाही तर पहिली बोंब माझी होणार. मी तर रोज धूप लावून प्रार्थना करतो, की तो तिथे असो आणि फुलांनी भरलेला असो. मी लपवेन कशाला?"

हे खरं होतं. जो डोंगर सापडण्यात त्याचा फायदा, तो लपवायला माणूस मूर्ख असावा लागतो. फू बाकी काहीही होता, मूर्ख नव्हता.

"काम जोरात दिसतंय," योंग म्हणाली.

"पुढची बाजू संपत आली. गेल्या आठवड्यापासून मागून घेतोय." त्याने डोंगराच्या पाठीकडे हात केला. "तिकडचा दगड जास्त चांगला निघाला."

जेलानी पत्र्याच्या एका छपरात बसला होता. हडकुळा, टोपी नीट घातलेली, सदऱ्याची वरची गुंडीही लावलेली. डॉ. लाम दिसताच त्याचा चेहरा उजळला. त्याने दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला आणि मग स्वतःच्या छातीला लावला. विकल्या गेलेल्या माणसाला इतका आनंद होत नाही, असं मला वाटलं. पण कोर्टात योंगने असली पुष्कळ माणसं पाहिली असणार.

"जेलानी, बाईंना त्या वेळी कुठे नेलंस?" योंगने विचारलं.

"लाबूवर."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"लाबूवरच."

"खोटं!" डॉ. लाम उठून उभ्या राहिल्या. "दुसऱ्या दिवशी आपण गुहेतून गेलो. मी विचारलं, तू मला नाव सांगितलंस. तोक सेन्याप! तुझ्याच तोंडाने!"

जेलानीची मान खाली गेली. मग हळूच म्हणाला, "असं कुणी मला ठाऊक नाही."

"जेलानी, गाव म्हणतं तू विकला गेलास," योंग म्हणाली.

तो म्हणाला, "माझा बाप त्या डोंगरात वटवाघळांचं खत काढायचा. मीही काढलं. डॉक्टरबाई माझ्या घरी जेवल्या आहेत. त्यांचा तो दुसरा डोंगर मला माहीत असता, तर मीच पहिला बघायला गेलो असतो. अल्लाची शपथ." मग तो उठला. "जरा थांबा हं. भोंगा द्यायचाय."

त्याने खांबावरचा दांडा खाली ओढला. रोज दुपारी आमच्या बशा ज्याच्या आवाजाने सावध होतात, तो भोंगा हाच माणूस देत होता. त्याने दोनदा दिला, मोठ्या काळजीने, कुणी चुकून वाटेत असेल तर त्याला पळायला पुरेसा वेळ मिळावा असा. मग डोंगराच्या मागच्या अंगाला धूर उठला.

परतताना बाई मागच्या सीटवर रडत होत्या. "तो मला खोटं पाडतोय. लोक म्हणतील, मी दुसरा डोंगर मनाने रचला."

खरं सांगायचं तर मलाही तोवर तेच वाटायला लागलं होतं. एक डोंगर छापण्यापेक्षा दोन डोंगर छापले तर नाव जास्त होत असेल, कोण जाणे.

"तुम्ही दोघंही खरं बोलताय," योंग म्हणाली.

"ते कसं शक्य आहे?"

"तेच तर कळत नाही. पण त्याने 'असं कुणी' म्हटलं. डोंगराला 'कुणी' म्हणतात का? 'असा कुठला डोंगर' म्हणायला हवं होतं त्याने."

४

पेंगहुलूच्या फाटकाला हे मोठं कुलूप होतं. आम्ही हॉर्न वाजवला तसा तो स्वतःच आला, लुंगी सावरत, घामाघूम.

"योंग! आधी निरोप धाडायचास! इकडे काही नाही बघण्यासारखं. जळवा आहेत. साप आहेत."

"आणि दुरियन आहेत," योंगने नाक वर केलं. "वास वाऱ्यावर रस्त्यापर्यंत येतोय, शहाबुद्दीन. जंगलखात्याच्या जमिनीवर किती झाडं लावलीस?"

पेंगहुलूचा चेहरा पाहण्यासारखा झाला. डॉ. लामच्या हातातली वही आणि दुर्बीण पाहून बिचाऱ्याला त्या जंगलखात्याच्या वाटल्या होत्या. म्हणून त्याने त्यांना हाकललं आणि कुलूप घातलं. डोंगराबिंगराशी त्याचं देणंघेणं नव्हतं.

"मी काही बोलायची नाही," योंग म्हणाली. "पण उद्या सकाळी हे फाटक उघडं ठेव. आत काय आहे?"

"बाग संपली की गुहा. जेलानीचा बाप तिथनंच आत जायचा. हल्ली कुणी जात नाही." मग त्याने सुटकेचा श्वास टाकून आम्हाला फणसासारखे काटेरी, दोन पिकलेले दुरियन दिले. मोटारीला आठवडाभर वास येत होता.

एक संशयित सुटला. तसा मी वैतागलोच. फूकडे कारण नाही, पेंगहुलूकडे भलतंच कारण, आणि जेलानीवर संशय घ्यायला मन धजत नाही. मग डोंगर नेला कुणी?

५

त्या दिवशी जेवायला उशीर झाला. योंगने आंबवलेल्या दुरियनच्या कालवणात नदीचा मासा केला होता. पेराकात जन्मून ज्याला तो आवडत नाही, त्याला आम्ही पाहुणा समजतो. डॉ. लाम पेनांगच्या, पण त्या बोटं चाटून जेवल्या.

"जेलानीही छान रांधायचा," त्या म्हणाल्या. थोडं पोटात गेल्यावर त्यांचा राग जरा उतरला होता. "त्या गुहेपलीकडे आम्ही भात शिजवला होता. मजेशीर माणूस. सारखा थट्टा करायचा."

"थट्टा? जेलानी?" मी म्हणालो. जेलानीला विनोद सांगितला तर तो 'बरं' म्हणतो.

"हो ना. भातात घालायला मला म्हणाला, जरा वाळू द्या. मी घाबरलेच. त्याला मीठ हवं होतं! दिव्याला डोळा म्हणत होता. वटवाघळांना म्हणे, पोरं झोपलीत, हळू चला. आणि हे सगळं गंभीर तोंड करून. पहिल्या दिवशी खाली कड्याशी नमुने घेत होतो तेव्हा मात्र असलं काही नाही. मीठ म्हणजे मीठ."

योंगचा घास हातातच राहिला.

"पुन्हा सांगा. वाळू हे तो कुठे म्हणाला?"

"गुहेत. आणि त्या वाडग्यात."

"बाहेर आल्यावर?"

"बाहेर आल्यावर... नाही. बाहेर आल्यावर एकदम नीट बोलायला लागला."

योंगने हात धुतले. जेवण अर्धं टाकून उठणाऱ्यांतली ती नव्हे. खिडकीतून लाबू दिसत होता, एका बाजूने कापलेल्या पावासारखा. ती त्याच्याकडे बघत उभी राहिली.

"मी नोकरीत नवी होते तेव्हा," ती म्हणाली, "कथलाच्या खाणीतला एक म्हातारा साक्षीला आला होता. खाणीत कोण काय बोललं ते सांग, म्हणून वकिलाने त्याला पिळला. तो म्हणे, आतलं बोलणं आतच राहतं साहेब, ते बाहेर आणायचं नसतं. न्यायाधीश चिडले. मी त्याचं म्हणणं शब्दशः सांगितलं, पण मलाही वाटलं, म्हातारा टाळतोय."

"मग?" मी विचारलं. "डोंगर सापडला का?"

"सापडला असं वाटतंय." ती खिडकीपासून मागे वळली. "अल्ला करो आणि मी चुकीची ठरो. आलांग, उद्या शुक्रवार, खाण बंद असते. सकाळी जेलानीला घेऊन ये. वाटेत त्याला काही विचारू नकोस."

६

फाटक उघडं होतं. दुरियनची बाग ओलांडून आम्ही गुहेच्या तोंडाशी आलो. आतून गार वारा येत होता. डॉ. लाम थबकल्या. "हीच ती गुहा! मला हा वाकडा दगड आठवतो."

जेलानीने होकार भरला. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही.

योंगने त्याला गुहेबाहेर, उन्हात उभं केलं. "जेलानी, समोर हा कुठला डोंगर आहे?"

"लाबू. त्याची पाठ."

"बरं. आता चल."

ती त्याच्याबरोबर पाच-सात पावलं आत गेली, अंधार सुरू होतो तिथपर्यंत. बाई आणि मी मागोमाग. जेलानीने आत शिरताना टोपी सारखी केली आणि आवाज आपोआप खाली आणला. योंगनेही आणला.

"जेलानी, आपण कुठे आहोत?"

"तोक सेन्यापकडे," तो म्हणाला.

वर कुठेतरी पाणी ठिबकत होतं.

डॉ. लामनी भिंतीचा आधार घेतला. "म्हणजे..."

"म्हणजे एकच डोंगर, बाई," योंग म्हणाली. "ज्याच्या घरात शिरायचं त्याचं नाव त्याच्या तोंडावर घ्यायचं नाही. आत असेपर्यंत आजोबा म्हणायचं. मिठाला वाळू, दिव्याला डोळा. आणि आतलं नाव खाली न्यायचं नाही. म्हणून बेदाह म्हणाली, इथं खाली असा डोंगर नाही. तिला एवढंच माहीत, की हे नाव खाली घेऊ नये. म्हणून जेलानी म्हणाला, असं कुणी मला ठाऊक नाही. त्याच्यासाठी तो डोंगर नाहीच, घरातला वडीलधारा माणूस आहे. तुम्ही एकाच डोंगराचं नाव त्याला दोनदा विचारलंत. एकदा खाली, एकदा आत. त्याने दोन्ही वेळा खरं सांगितलं."

"मी दोन छापले," बाई म्हणाल्या. "एकाचे मी दोन केले."

जेलानी या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होता. त्याला उमजायला वेळ लागला, आणि तो वेळ बघवत नव्हता.

"ते... तो दुसरा डोंगर," तो म्हणाला. "फू साहेब म्हणाले होते, डॉक्टरांना दुसरीकडेही फूल मिळालंय, चिक्कार आहे. मी विचारलं होतं त्यांना, इथलं जाईल त्याचं काय? तर ते म्हणाले, दुसरा डोंगर आहे. मला वाटलं, तुम्हाला शेजारच्या पाहांगकडे कुठेतरी सापडला असेल. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं. आम्ही गोडाचं केलं त्या दिवशी." त्याने बाईंच्या बाहीला हात लावला. "म्हणून मी भोंग्याची नोकरी धरली. ते तिकडे आहे म्हणून. तो दुसरा डोंगर... तो मीच सांगितला होता तुम्हाला?"

डॉ. लामनी त्याचा हात बाहीवर तसाच राहू दिला. मग एकदम म्हणाल्या, "वाडगा! पुढची बाजू गेली, पण ते आतलं... सगळ्यात जास्त तिथेच होतं. चला. चला ना!"

जेलानी पुढे झाला. डोळ्यांवर पट्टी बांधली तरी तो चालला असता. आम्ही वाकून, घसरत, हात धरून निघालो. माझे गुडघे कुरकुरत होते, मी नव्हतो. एका वळणावर जेलानी थांबला आणि त्याने दिवा खाली केला.

"काय झालं?" योंगने विचारलं.

पुढून पांढरा उजेड येत होता.

"इथं उजेड नसतो," तो म्हणाला. "अजून अर्धी वाट राहिलीय."

७

राहिलेली अर्धी वाट नव्हतीच. आम्ही बाहेर आलो ते एका उघड्या मैदानात. समोर फूचे ट्रक शुक्रवारची विश्रांती घेत उभे होते. वाडग्याचा पलीकडचा काठ पूर्ण गेला होता, आणि उरलेले कडे त्याच्यावर कोसळले होते. सगळीकडे पिठासारखी भुकटी. बाई पत्र्याच्या छपराशी उभं राहून जेलानीला खोटारडा म्हणाल्या, तेव्हा मागे जो धूर उठला होता, तो इथलाच होता.

वटवाघळं एकही नव्हती.

डॉ. लाम दगडांवरून चढत-उतरत राहिल्या. आम्हीही शोधलं. मी त्या डोंगराखालून आयुष्यभर बस नेली आणि मान वर करून कधी बघितलं नाही. आता त्याच्या एकेका दगडाखाली वाकून बघत होतो. शेवटी योंगला एक झुबका मिळाला. उलट्या पडलेल्या धोंड्याच्या कुशीत, मुळं वर, पानं वाळून तंबाखूसारखी झालेली. त्याला दोन बोंडं होती. बाईंनी ती तळहातावर हळूच फोडली. रिकामी होती. बी केव्हाच सांडलं होतं, आणि त्या भुकटीत ते रुजणार नव्हतं.

"आता कशात धरतील हे?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण गप्प बसवत नव्हतं.

"नामशेष," डॉ. लाम म्हणाल्या. मग म्हणाल्या, "त्याआधी बरीच वर्षं शोधावं लागतं. मी शोधीन." त्यांनी तो वाळका झुबका रुमालात बांधला.

जेलानी मधोमध उभा होता. त्याने टोपी काढली होती. आणि मग, जिथे ते नाव त्याच्या बापाने कधी घेतलं नसतं, त्याने स्वतः कधी घेतलं नव्हतं, तिथे उभं राहून तो मोठ्याने म्हणाला, "लाबू."

त्याने वाट बघितली. कड्यांवरून आवाज परत यायला तिथे कडे उरले नव्हते.

"लाबू!" तो ओरडला. "बुकित लाबू!"

योंगने जाऊन त्याला धरलं. तिने सोडवलेल्या कोड्यांची गावात फार वाहवा होते, आणि ती दर वेळी जरा मान उडवते. त्या दिवशी ती म्हणाली, "आलांग, हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी त्याला इथे आणून विचारला असता तर?" मी म्हटलं, तेव्हाही मागून काम सुरू झालेलंच होतं, योंग. ते खरं होतं, पण तिला त्याने काही बरं वाटलं नाही. मलाही नाही.

परतताना आम्ही बेदाहच्या टपरीवर थांबलो, कारण कुणाच्याच अंगात घरी जायचं बळ नव्हतं. टपरी भरलेली होती. जेलानीला पाहून फटकळ माणसाने तोंड उघडलं, आणि योंगने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने ते कॉफीत घातलं.

डॉ. लाम कप हातात घेऊन बसल्या होत्या. "जेलानी," त्यांनी विचारलं, "मिठाला वाळू, दिव्याला डोळा. मग वर तुम्ही सुबांगला काय म्हणायचात? मी ते कधी विचारलंच नाही."

बेदाहने मान वर केली. सोंगट्या थांबल्या. वरचा शब्द खाली आणायचा नसतो, हे आता टपरीतल्या प्रत्येकाला एकदम आठवलं असावं.

"बेटी," जेलानी म्हणाला. "आम्ही तिला बेटी म्हणायचो. बाप शिरल्या शिरल्या विचारायचा, बेटी उठली का."

मी वाट बघत होतो, कुणीतरी त्याला दटावेल म्हणून. बेदाहने समोर पाहिलं, धुळीपलीकडे, आणि त्याच्यापुढे कॉफी ठेवली.